दादरचा कस्टम कंट्रोल शिकवणारा वीकेंड क्लास : सविस्तर रिव्ह्यू

दादर वेस्टला रानडे रोडच्या आतल्या एका गल्लीत जुन्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर शनिवार-रविवार एक क्लास चालतो, तिथे विंडोजच्या डेस्कटॉप अ‍ॅप्लिकेशनसाठी स्वतःचे कंट्रोल (म्हणजे स्क्रीनवरची बटणं, टाइप करायचे खाने, लिस्ट वगैरे) कसे लिहायचे एवढंच शिकवतात. वेबसाइट बनवणं नाही, मोबाईल अ‍ॅप नाही, फुल स्टॅक नाही, प्लेसमेंटची गॅरंटी तर नाहीच नाही. बॅच लहान ठेवायची असल्याने सरांनी क्लासचं नाव ऑनलाइन टाकू नका अशी विनंती केलीये म्हणून नाव लिहीत नाही, पण दादर-माटुंग्यात मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवर सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या कुणालाही विचारलंत तर पत्ता मिळेल. माझी बॅच आत्ताच संपली आणि ओळखीतले बरेच जण विचारतायत की घ्यावा का, फी वसूल होते का, तर एकदाच सगळं नीट लिहून टाकते.

आधी मी कुठून बोलतेय ते सांगते म्हणजे तुम्हाला तुमचं ताडून बघता येईल. मी औषधांच्या होलसेलर्ससाठी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या छोट्या टीममध्ये आहे, आमचे बरेचसे कस्टमर प्रिन्सेस स्ट्रीटच्या आसपासचे. तिथे काउंटरवर बसणारा माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत आमच्याच स्क्रीनसमोर असतो, फोन खांद्यात धरलेला, एक हात नंबर पॅडवर आणि दुसऱ्या हातात स्ट्रिप नाहीतर चलान, माउस कुठेतरी कागदांखाली गेलेला. नेट गेलं तरी बिल निघालं पाहिजे, एन्टर मारला की पुढच्या खान्यात गेलं पाहिजे, बास. डेस्कटॉप सॉफ्टवेअर संपलं असं म्हणणाऱ्यांनी एकदा ह्या मार्केटमध्ये चक्कर मारावी, १९९८ च्या व्हीबी सिक्स ह्या जुन्या भाषेत लिहिलेले प्रोग्राम अजून चालू आहेत आणि धंदा त्यांच्यावरच चाललाय. आणि ह्या लोकांना लागतात ते खाने तयार कंट्रोलमध्ये मिळत नाहीत. औषधाच्या एक्सपायरीला फक्त महिना आणि वर्ष असतं, तारीख नसते, पण डेट पिकर तुम्हाला तारीख मागतो. क्वांटिटी बॉक्समध्ये पण असते आणि स्ट्रिपमध्ये पण, वर १०+१ ची, म्हणजे दहावर एक फुकटची, स्कीम. हे सगळं साध्या टेक्स्टबॉक्सवर शंभर इव्हेंट लावून करता येतं, आणि सहा महिन्यांनी त्या कोडला हात लावायचा म्हटलं की जिवावर येतं.

तर क्लास सुरू होतो तो एका प्रश्नाने, की मुळात नवीन कंट्रोल लिहायची गरज आहे का. सर ह्यावर बराच वेळ घालवतात आणि मला ते फार पटलं. विंडोज फॉर्म्स म्हणजे डेस्कटॉपच्या स्क्रीन बनवायची मायक्रोसॉफ्टची लायब्ररी, तिच्यात तीन वाटा आहेत. एक म्हणजे आहे तो कंट्रोल इनहेरिट करून, म्हणजे त्याचं सगळं वागणं आयतं घेऊन, त्यात थोडा बदल करायचा. दुसरी, युजरकंट्रोल घेऊन त्यात दोन-चार तयार कंट्रोल एकत्र बसवायचे. तिसरी म्हणजे थेट कंट्रोल ह्या सगळ्यांच्या मुळाशी असलेल्या बेस क्लासवरून सुरुवात करून सगळं स्वतः रंगवायचं, स्वतः कीबोर्ड सांभाळायचा, स्वतः फोकस (आत्ता कीबोर्ड कुठे चालतोय ते) दाखवायचा. यूट्यूबवर बघाल तर सगळे थेट तिसऱ्या वाटेने जातात, गोल कोपऱ्यांचं ग्रेडियंटवालं बटण बनवतात आणि व्हिडिओ संपतो. त्या बटणावर टॅबने गेलं तर फोकस दिसत नाही, स्पेस दाबली तर काही होत नाही. सरांचं म्हणणं असं की पहिल्या वाटेने काम होत असेल तर तिसरीकडे बघायचं पण नाही, कारण टेक्स्टबॉक्स इनहेरिट केला की कर्सर, सिलेक्शन, कॉपी-पेस्ट, उजव्या क्लिकचा मेनू, मराठी कीबोर्ड हे सगळं फुकट मिळतं आणि हे सगळं परत लिहायला घेतलंत तर वर्ष जाईल.

विंडोज फॉर्म्सचा सोर्स (मूळ कोड) मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०१८ मध्ये खुला केला, तो गिटहबवर कुणालाही वाचता येतो, आणि क्लासमध्ये तो खरंच वाचतात. न्यूमेरिकअपडाउन (बाणांनी आकडा कमी-जास्त करायचा खाना) घेतला तर तो अपडाउनबेस वरून येतो, त्याच्या पोटात एक टेक्स्टबॉक्स आणि बाजूला बाणांची दोन बटणं असलेला वेगळा कंट्रोल आहे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी पण दुसरीच वाट धरलीये. हे मी इतकी वर्षं रोज वापरतेय आणि कधी उघडून बघितलं नव्हतं. सर प्रोजेक्टरवर कोड लावतात, एकेकाला वाचायला सांगतात आणि मध्येच थांबवून विचारतात की ही ओळ काढली तर काय बिघडेल. असं शिकवणारं मला कॉलेजात पण कुणी भेटलं नाही.

पेंटिंगचा भाग हा क्लासचा पाया आहे आणि तो पक्का करून घेतात. पहिल्याच दिवशी सर एक स्टॉक मीटर दाखवतात, बॅटरीच्या चिन्हासारखा, किती माल शिल्लक आहे तेवढा भरलेला. फॉर्मचा, म्हणजे विंडोचा, कोपरा धरून मोठा-छोटा केला की तो भयंकर लुकलुकतो. का, ते आपण शोधायचं. कारण असं की विंडोज आधी बॅकग्राउंड पुसायचा मेसेज पाठवतं आणि मग पेंटचा, ह्या दोघांच्या मधला कोरा क्षण डोळ्याला दिसतो. डबलबफर्ड ही प्रॉपर्टी ट्रू केली की हे थांबतं हे नेटवर एका ओळीत सापडतं, पण सर ती ओळ लिहूच देत नाहीत, आधी स्वतः मेमरीत बिटमॅप बनवून त्यावर सगळं रंगवायचं आणि मग एका फटक्यात स्क्रीनवर टाकायचं, ते जमलं की मगच प्रॉपर्टी वापरायची परवानगी. त्यानंतर रिसाइझरीड्रॉ वगैरे स्टाइल्स का आहेत ते आपोआप कळत जातं.

इनव्हॅलिडेट आणि रिफ्रेश मधला फरक पण असाच. इनव्हॅलिडेट लगेच काही रंगवत नाही, एवढा भाग शिळा झालाय अशी फक्त खूण करतो. पेंट मेसेजचा नंबर रांगेत सगळ्यात शेवटी लागतो, बाकीचं काही काम उरलं नाही की विंडोज तो देतं, त्यामुळे तुम्ही दहा वेळा इनव्हॅलिडेट म्हटलं तरी रंगवणं बहुतेक एकदाच होतं. रिफ्रेश मात्र लगेच रंगवायला लावतो. लूपमध्ये प्रत्येक आयटमनंतर रिफ्रेश मारणारा कोड तुमच्याकडे पण असेल, शोधून बघा, स्क्रीन अडकण्याचं कारण बऱ्याचदा तिथे सापडतं.

पेंट मेसेजची वाट न बघता क्रिएटग्राफिक्स वापरून बटणाच्या क्लिकमध्येच चित्र काढणारे पण बॅचमध्ये होते. ते चित्र फॉर्म मिनिमाइझ करून परत उघडला की गायब. सरांनी इथे एक चांगली गोष्ट सांगितली, की एक्सपीच्या काळात दुसरी विंडो नुसती वरून सरकवली तरी खालच्या विंडोला परत रंगवावं लागायचं त्यामुळे ही चूक पाच मिनिटांत उघडी पडायची. व्हिस्टापासून डेस्कटॉप विंडो मॅनेजर प्रत्येक विंडोचं चित्र वेगळं सांभाळून ठेवतो, विंडोज ८ पासून तर तो बंद पण करता येत नाही, म्हणून आता असा कोड डेव्हलपरच्या मशीनवर दिवसभर बरा दिसतो आणि कस्टमरकडे जाऊन फुटतो.

हँडल गळतीचा, म्हणजे चित्र काढायला विंडोजकडून घेतलेल्या वस्तू परत न करण्याचा, तास पण आवडला. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये अशा वस्तूंचा म्हणजे जीडीआय ऑब्जेक्ट्सचा कॉलम चालू करायचा आणि आपला कंट्रोल शंभर वेळा उघडबंद करून आकडा बघत बसायचं. एका प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) डिफॉल्टने १०,००० जीडीआय हँडल मिळतात. बिटमॅपचं हँडल घ्यायचं आणि सोडायचं विसरायचं अशी एक ओळ पेंटमध्ये असली की काउंटरवरचं सॉफ्टवेअर सकाळी मस्त चालतं आणि दुपारी कधीतरी खाने काळे पडायला लागतात, अक्षरं गायब होतात, मग दुकानवाला मशीन रीस्टार्ट करतो आणि आपल्याला फोन करून व्हायरस आलाय म्हणून सांगतो.

आता माझ्या आवडीचा भाग. प्रत्येकाने आपल्या कामातला एक कंट्रोल पूर्ण करून दाखवायचा असतो. मी एक्सपायरीचा खाना घेतला. बघायला छोटा, पण त्यात एवढं काही निघालं की विचारू नका. ०६२७ टाइप केलं की ०६/२७ दिसायला हवं, तिरकी रेघ आपोआप. पहिला आकडा २ ते ९ पैकी आला तर महिना एक आकडीच असणार, म्हणून पुढे शून्य स्वतः लावून थेट वर्षावर जायचं. पहिला १ आला तर दुसरा फक्त ०, १ किंवा २ चालेल. बॅकस्पेस मारला की रेघ ओलांडून मागे जायला हवं. डाव्या-उजव्या बाणाने महिना आणि वर्ष ह्यांच्यात फिरता यायला हवं, आणि इथे समजतं की बाण मुळात तुमच्या कंट्रोलपर्यंत येतच नाहीत, फॉर्म ते फोकस हलवायला वापरतो, त्यासाठी इजइनपुटकी ही मेथड ओव्हरराइड करून, म्हणजे तिच्या जागी आपली लिहून, सांगावं लागतं की ह्या कीज माझ्या आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवरून ०६-२०२७ असं कॉपी करून पेस्ट केलं तर तेही समजायला हवं. रिकामा खाना आणि चुकीचा खाना हे दोन वेगळे.

आणि सगळ्यात जास्त चर्चा झाली ती व्हॅल्यू ह्या प्रॉपर्टीवर. जून २०२७ म्हणजे नक्की कुठली तारीख? डेटटाइम (पूर्ण तारखेचा तयार टाइप) ठेवायचा तर १ जून ठेवायची की ३० जून? औषध त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं, म्हणजे १ तारीख ठेवली आणि कुणी पुढे रिपोर्टमध्ये आजच्या तारखेशी तुलना केली की महिनाभर आधीच चांगला माल एक्सपायर्डमध्ये जाणार. मग महिना-वर्षाचा स्वतःचा एक छोटा टाइप बनवायचा आणि त्यालाच विचारायचं की तू संपलास का, असं ठरलं. कंट्रोल वापरणारा प्रोग्रामर पण युजरच असतो, त्याला चुकीचं वापरता येऊ नये अशी प्रॉपर्टी लिहायची, हे सर प्रत्येकाच्या कंट्रोलवर लावून धरतात.

टेस्टिंगची पद्धत अशी की सर माउस काढून घेतात, खिशातून औषधाची एक स्ट्रिप काढतात आणि स्क्रीनकडे न बघता स्ट्रिपकडे बघत टाइप करतात, कारण काउंटरवरचा माणूस तसंच करतो. चार-पाच खाने भरून झाले की मान वर. तेव्हा जे स्क्रीनवर असेल तो तुमचा निकाल. चुकीची की दाबली की बीप वाजवायचा असं एकाने केलं होतं, त्याला विचारलं की मार्केटमध्ये हातगाडीवाल्यांच्या आणि टेम्पोच्या आवाजात तुझा बीप कोण ऐकणार. शेवटी माझ्या खान्यात असं ठेवलं की चुकीचा आकडा आत घ्यायचाच नाही आणि तीन महिन्यांच्या आत संपणारा माल असेल तर किनार लाल करायची. हा कंट्रोल आता आमच्या प्रॉडक्टमध्ये गेलाय, आणि काउंटरवरच्या एका मामांनी मला फोन करून सांगितलं की आता पर्चेस एंट्री पटापट होते. मला त्या फोनचा आनंद खूप दिवस पुरेल.

मराठी अक्षरांचा एक पूर्ण तास आहे आणि हा भाग इंग्लिश ट्यूटोरियलमध्ये तुम्हाला कुठेच असा सलग मिळणार नाही. श्री हे एक अक्षर दिसतं पण स्ट्रिंगची लेंग्थ विचारली तर ४ येते, श, हलंत, र आणि दीर्घ वेलांटी. आता समजा तुम्ही पार्टीच्या नावांची लिस्ट स्वतः रंगवताय आणि सर्चमध्ये टाइप केलेला भाग पिवळा करायचाय. सगळे काय करतात तर स्ट्रिंगचे तुकडे करून एकेक तुकडा वेगळा रंगवतात. सर्चमध्ये स टाकला आणि लिस्टमध्ये स्वामी मेडिकल आहे, तर स वेगळा निघतो आणि पुढच्या तुकड्याची सुरुवात हलंताने होते, मग तिथे ते तुटक्या ठिपक्यांचं वर्तुळ येतं. विजय मध्ये व शोधला की ऱ्हस्व वेलांटी बिचारी एकटी त्या वर्तुळाला चिकटून उभी. ह्यावर उपाय असा शिकवला की नाव कधी तोडायचं नाही, आधी तेवढ्या भागाची जागा मोजून पिवळा पट्टा रंगवायचा आणि वर पूर्ण नाव एकाच कॉलमध्ये लिहायचं, आणि पट्ट्याची हद्द ठरवताना पूर्ण अक्षर धरायचं. त्यातच जीडीआय प्लसचा ड्रॉस्ट्रिंग आणि टेक्स्टरेंडरर ह्या अक्षरं रंगवायच्या दोन पद्धतींची मापं वेगवेगळी येतात, मोजलं एकाने आणि लिहिलं दुसऱ्याने असं केलं की पट्टा सरकलेला दिसतो, म्हणून दोन्ही कामांना एकच वापरायचा.

रो ची उंची पण तशीच. इंग्लिश नावांवर ठरवलेल्या उंचीत मूर्तींचं दुकान असं लिहून बघा, खाली दीर्घ उकार, वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार, काहीतरी कापलं जाणारच. आमच्या बॅचची टेस्ट स्ट्रिंग हीच होती, प्रत्येक कंट्रोलमध्ये आधी मूर्तींचं दुकान टाकायचं. बोलता बोलता सरांनी हे पण सांगितलं की विंडोज २००० पासून आपण जो मंगल फॉन्ट बघतोय तो आपल्या मुंबईतल्या र. कृ. जोशींनी डिझाइन केलेला, नंतर विंडोज ८ पासून निर्मला आला. दोन्ही फॉन्टमध्ये उंची वेगळी भरते त्यामुळे उंचीचा आकडा कोडमध्ये टाइप करून ठेवायचा नाही, फॉन्टलाच विचारायची.

रकमेच्या खान्यात लाख-कोटीचे स्वल्पविराम कसे आणायचे ते पण झालं, नंबरग्रुपसाइझेस ह्या सेटिंगला ३ आणि २ दिलं की १२,३४,५६७ येतं, तिथली खरी डोकेदुखी म्हणजे स्वल्पविराम आत शिरला की कर्सर भलतीकडे उडी मारतो, ते कर्सरच्या उजवीकडे किती आकडे आहेत ते धरून सोडवायचं.

डिझायनरवरचा (प्रोग्राम लिहिताना फॉर्म माउसने मांडतो त्या स्क्रीनवरचा) भाग थोडा कंटाळवाणा आहे पण टाळू नका. डिफॉल्टव्हॅल्यू हे अ‍ॅट्रिब्यूट लावलं की प्रॉपर्टीला ती किंमत मिळते असं बॅचमधल्या जवळजवळ सगळ्यांना वाटत होतं. तसं नाहीये, ते फक्त डिझायनरला सांगतं की किंमत एवढीच असेल तर कोडमध्ये लिहू नकोस. खरी किंमत तुम्हालाच आत सेट करावी लागते. आणि कंट्रोलच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (कंट्रोल तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये) डेटाबेसला हात लावायचा नाही, कारण तुम्ही फॉर्म नुसता डिझायनरमध्ये उघडला तरी तो कन्स्ट्रक्टर चालतो, आणि डिझाइनमोड ही प्रॉपर्टी त्या वेळी फॉल्सच सांगते. डीपीआयचं (स्क्रीनवर इंचाला किती ठिपके धरायचे त्याचं) पण थोडक्यात होतं, ९६ म्हणजे शंभर टक्के, मालकाचा नवा लॅपटॉप दीडशे टक्क्यांवर म्हणजे १४४, काउंटरचा जुना मॉनिटर शंभरवर, आणि एकच कंट्रोल दोन्हीकडे नीट दिसायला हवा. इथे अजून एक तास हवा होता.

एका रविवारी सरांचे ओळखीचे एक काका आले होते, बँकेतून रिटायर झालेले, त्यांना अजिबात दिसत नाही, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून सांगणारा प्रोग्राम, वापरतात. हा २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन ह्या दृष्टिहीन तरुणाने सुरू केला, फुकट आहे, सोर्स खुला आहे. काकांनी एकेकाच्या लॅपटॉपवर बसून टॅब मारत कंट्रोल तपासले. टेक्स्टबॉक्स इनहेरिट केलेल्यांचे कंट्रोल निदान काहीतरी बोलत होते. ज्यांनी थेट बेस क्लासवरून रंगवले होते त्यांच्यावर पोचल्यावर रीडर जवळजवळ गप्पच. काका शांतपणे म्हणाले, इथे काहीतरी आहे एवढं कळतंय, काय आहे ते नाही. त्या खोलीत मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही, सगळे आपापल्या कोडला लागले. अ‍ॅक्सेसिबलनेम द्यायचं, रोल सांगायचा, क्रिएटअ‍ॅक्सेसिबिलिटीइन्स्टन्स ओव्हरराइड करून व्हॅल्यू द्यायची आणि व्हॅल्यू बदलली की रीडरला कळवायचं. माझी लाल किनार त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती, म्हणून आता खाना स्वतःच सांगतो की जून २०२७, आणि मुदत जवळ असेल तर मुदत जवळ आली असं पण म्हणतो. लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्यांसाठी पण नुसता रंग पुरत नाही, तर आता बाजूला छोटं चिन्ह येतं. हा एक दिवस जरी क्लासमध्ये असता तरी मी फी दिली असती, मनापासून सांगतेय.

आता कमी कुठे पडतो. डब्ल्यूपीएफ, म्हणजे डेस्कटॉपसाठीची मायक्रोसॉफ्टचीच दुसरी लायब्ररी, अगदी घाईत उरकतात. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेली ही गोष्ट, तिथे कंट्रोलचं वागणं एकीकडे आणि दिसणं टेम्प्लेटमध्ये दुसरीकडे असतं, डिपेंडन्सी प्रॉपर्टी, जेनेरिक झॅमल, मेझर आणि अरेंज हे सगळं समजायला वेळ लागतो आणि तो दिला जात नाही. सरांचा जीव विंडोज फॉर्म्समध्ये आहे हे स्पष्ट दिसतं. तुमचं काम मुख्यतः डब्ल्यूपीएफमध्ये असेल तर प्रवेशाचा फॉर्म भरायच्या आधी हे लक्षात घ्या. क्यूटी (मॅक, लिनक्सवर पण चालणारी लायब्ररी) एका दुपारी दाखवतात, पेंटइव्हेंट आणि साइझहिंट एवढंच, ओळख म्हणून ठीक. मॅक किंवा लिनक्सवर जायचं असेल तर ते तुम्हाला स्वतःच पुढे शिकावं लागेल.

छापील नोट्स नाहीत, पीडीएफ नाही. कोड पेनड्राइव्हवर देतात, आजच्या काळात निदान गिटवर ठेवायला हवा, मी तसं सरांना सांगितलंय. कोड आपोआप तपासणारे टेस्ट कसे लिहायचे ते शिकवतच नाहीत, आणि माझ्या मते एक्सपायरीसारख्या खान्याला ते हवेतच, त्यातला तपासणीचा भाग कोडमध्ये वेगळ्या क्लासमध्ये काढला की फॉर्म न उघडता टेस्ट करता येतो, हे मी ऑफिसात स्वतः केलं. बिल्डिंगला लिफ्ट नाही, जिने अरुंद आहेत, अ‍ॅक्सेसिबिलिटी एवढ्या तळमळीने शिकवणाऱ्यांनी जागेचा पण विचार करायला हवा असं मला वाटतं, काकांना दोन मजले हात धरून चढवावं लागलं. प्लगपॉइंट कमी आहेत. रविवारची बॅच सकाळची असते त्यामुळे येताना ट्रेन मिळते पण परत जाताना मेगाब्लॉकमध्ये सापडता, सेंट्रल आणि हार्बरवाल्यांनी ते धरून चाला. एखादा शनिवार बुडला तर तो तास परत घेत नाहीत.

फी चार आकडी आहे, पाच आकडी नाही, दोन हप्त्यांत देता येते. सर्टिफिकेट देत नाहीत. नोकरी शोधणाऱ्या फ्रेशरने फक्त ह्याच्या भरवशावर राहू नये, जाहिरातींमध्ये वेबचंच जास्त मागतात. पण तुम्ही आधीपासून दुकानं, लॅब, वर्कशॉप, ट्रान्सपोर्ट अशा कुणासाठी डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहीत असाल आणि सी शार्प रोजच्या वापरातली असेल तर डोळे झाकून जा. सी शार्प नवीन असेल तर आधी क्लास, इनहेरिटन्स, इव्हेंट आणि डेलिगेट एवढं पक्कं करून जा, कारण सर त्यासाठी थांबत नाहीत, मायक्रोसॉफ्टची डॉक्युमेंटेशन ह्यासाठी फुकट आहे आणि चांगली आहे. शिकवताना मात्र हातचं काही राखत नाहीत, वर्ग सुटल्यावर पण जिन्यात उभं राहून शंका सोडवतात.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा डब्ल्यूपीएफसाठी कापला. जाताना स्वतःचा विंडोज लॅपटॉप न्या, मॅक असेल तर व्हर्च्युअल मशीन आधीच तयार ठेवा. व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी आणि एनव्हीडीए घरूनच डाउनलोड करून जा, तिथलं वायफाय सगळे एकदम बसले की रांगतं. आणि एक्स्टेंशन बोर्ड बरोबर असू द्या. पुढची बॅच गणपतीनंतर आहे असं सर म्हणालेत, जागा लवकर भरतात त्यामुळे आधी जाऊन भेटून या, एक तास नुसतं बसून बघायला देतात.